सांगणारांची यादी

मास्तर कुणालाही पहिल्यांदा भेटले की त्याचं नाव, गाव, जात यांपैकी काहीच विचारत नसत. त्याच्या हातात जे असेल त्याच्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" हातात विळा असो, वेसण असो की कडेवरचं पोर असो, प्रश्न तोच. माणूस आधी गोंधळायचा, मग सांगायचा. मास्तर कोटाच्या खिशातून पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी काढून तो शब्द लिहायचे आणि त्यानंतर कुठे विचारायचे, "आणि आपलं नाव?" बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या टापूत त्यांना सगळे ‘काय म्हणता मास्तर’ म्हणूनच ओळखत. खरं आडनाव त्यांच्या बोर्डिंगच्या पाटीवरसुद्धा नव्हतं.

मी बारामतीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली, इंग्रजी बऱ्यापैकी येणारी, आणि त्याचा थोडा तोरा असलेली. एकट्या बाईमाणसाला गावात खोली कोण देणार? शाळेच्या चिटणीसांनी माझी सोय मास्तरांच्या बोर्डिंगात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत केली. पहिल्या दिवशी मी टांग्यातून उतरले तेव्हा माझ्या हातात छत्री होती. मास्तरांनी ती माझ्या हातून घेतली, उघडली आणि आतल्या सळ्यांवर बोट ठेवून विचारलं, "ह्यांना पुण्यात काय म्हणतात?" मी म्हटलं, "काड्या." मास्तरांचा चेहरा पडला. "काड्याच का? मला वाटलं, पुण्यात काहीतरी वेगळं असेल." मग मात्र ते माझी ट्रंक स्वतः उचलून आत घेऊन गेले.

बोर्डिंग म्हणजे गावाच्या कडेची एक जुनी कापसाची वखार. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यांत शाळा चौथीला संपायची. पुढं शिकायचं तर बारामती गाठायची, आणि बारामतीत राहायचं कुठं, हा प्रश्न. मास्तर स्वतः इंदापूरकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत होते. दरवर्षी हुशार मुलं चौथीनंतर गुरांमागे जाताना बघून त्यांनी नोकरी सोडली आणि वखार भाड्यानं घेतली. मुलांनी घरून ज्वारी आणायची, मास्तरांच्या बायकोनं भाकरी थापायच्या, असा तो कारभार. तिला आम्ही सगळे काकी म्हणायचो. फीऐवजी मास्तरांची एकच अट असे. सुट्टीवरून परत येताना प्रत्येकानं घरून एक नवा शब्द आणायचा.

एकदा एका मुलाला शब्द सापडला नाही, म्हणून त्यानं वाटेत चालता चालता बनवला. न फुगलेल्या भाकरीला आमच्याकडे ‘फुसकांडं’ म्हणतात, असं त्यानं ठोकून दिलं. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून घेतला. चार दिवसांत सगळं बोर्डिंग जेवताना फुसकांडं मागू लागलं, आणि ते काकींच्या कानावर गेलं. मुलानं रडत कबूल केलं की शब्द खोटा आहे. मास्तरांनी ती चिठ्ठी फाडली नाही. खाली लिहिलं, ‘हा शब्द बोर्डिंगात जन्मला.’ काकी म्हणाल्या, "शबुद खोटा आसंल, पर भाकरी त्या दिशी खरंच फुगली न्हवती."

मास्तरांच्या या नादाचा काकींना त्रास कमी नव्हता. बाजारातून मीठ आणायला गेलेले मास्तर दुपार टळली तरी येत नसत. कुठल्यातरी लोहाराच्या भात्यापाशी बसलेले असायचे. एकदा पाटाच्या कडेला एक बैलगाडी कलंडली होती. मास्तरांनी सगळ्यांआधी जाऊन खांदा लावला, पण खांदा लावूनही गाडीवानाला विचारत होते की ही मोडलेली खुंटी, हिचं नाव काय. गाडीवान म्हणाला, "आदी गाडी उचला मास्तर, मग समद्यांची नावं सांगतो." गाडी उभी राहिल्यावर त्यानं खरोखर सगळी नावं सांगितली, आणि मास्तर चिखलानं माखलेल्या हातांनी ती लिहीत राहिले.

पंगतीच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. बोर्डिंगात सगळी मुलं एका रांगेत जेवायची, त्यांत गावकुसाबाहेरची दोघंही होती. पाटाच्या पाण्यावर नव्यानं सुखवस्तू झालेला एक बागाईतदार हे ऐकून मुलाला न्यायला आला. खूप बोलला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्या. तुमचा मुलगा आहे. पुस्तकं तेवढी इथंच राहू द्या, पुन्हा आणायला जड होतील." आठवड्यानं तोच बाप मुलाला घेऊन परत आला. पोरगं घरी धड जेवत नव्हतं. मास्तरांनी बापाला काही विचारलं नाही. फक्त त्याच्या पायातल्या वहाणेच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं आणि खिशात हात घातला.

चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला शब्द आणि मागच्या बाजूला सांगणाऱ्याचं नाव, गाव. हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. मी एकदा म्हटलं, "मास्तर, शब्द महत्त्वाचा. तो कुणी सांगितला याला काय एवढं?" ते म्हणाले, "बाई, शब्द घेतला आणि सांगणारा लिहिला नाही, तर ती उचलेगिरी झाली." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला आणि काकींना पळसदेवला नेलं. इंदापूरच्या रस्त्यानं सर्व्हिस मोटारीत, पुढं बैलगाडीत. भीमेच्या काठावर जुनं दगडी देऊळ, खाली घाट आणि घाटाला बांधलेली नाव. नाव चालवणारे ज्ञानूआबा भोई मास्तरांचे जुने दोस्त. सत्तरीचे, काळेसावळे, पाठीचं हाड न् हाड दिसणारे. त्यांच्याजवळ नदीचे शब्द होते. जिथून पायी पलीकडे जाता येतं तो उतार. पूर ओसरल्यावर काठाला राहते ती मळई, तिच्यात काकड्या लावायच्या. उन्हाळ्यात वाळूत खणून प्यायचं पाणी काढतात तो झिरा. मी लिहिता लिहिता दमले आणि म्हटलं, "आबा, पाण्याला एवढी नावं कशाला?"

"येक नाव कसं पुरंल, बाई?" ते म्हणाले. "तुमी सकाळी येक आन सांजच्याला येक आसता का न्हाय? पान्याचं बी तसंच हाय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना जन्मभर जे म्हणायचं होतं ते कुणीतरी म्हटलं, असा तो चेहरा होता. तो घाट, ते काठावरचं गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की देवळाचा वरचा भाग दिसतो म्हणतात. मी पाहायला गेलेले नाही.

पुढच्या वर्षी वखारीच्या मालकाला जागा परत हवी झाली. पाटाच्या कडेचा सरकारी तुकडा बोर्डिंगला मिळावा असा अर्ज मास्तरांनी केला होता, पण तो कचेरीत नुसता पडून होता. अशात बोर्डिंगच्या कमिटीवरचे एक वकील वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. विद्यापीठानं एक नवा पुरस्कार जाहीर केला होता. स्वतःच्या फायद्यावाचून लोकांसाठी संस्था चालवणारा आणि त्याबरोबर काही विद्वत्तेचं काम केलेला, असा माणूस त्यांना हवा होता. "मास्तर, हे तुम्हालाच समोर ठेवून लिहिलंय," वकील म्हणाले. "विद्यापीठानं मान दिला की कचेरीतला कागद हलेल."

मास्तरांना त्यात रस नव्हता. "मी काय विद्वान? मी विचारणारा माणूस," असं म्हणून ते उठायला लागले. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आन पोरं कुठं न्ह्यायाची?" त्यांनी विचारलं. मास्तर पुन्हा खाली बसले.

निबंध इंग्रजीत हवा होता आणि मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. भीमा-नीरेकडच्या शेतीचे आणि पाण्याचे शब्द, त्यांचे अर्थ, ते कुठं बदलतात, का बदलतात. पाटाचं पाणी आल्यावर जमिनी पाणथळ झाल्या आणि ‘चिबड’ हा शब्द त्या जमिनींबरोबर गावोगाव कसा पसरला, त्यावर मास्तरांनी पानंच्या पानं लिहिली होती. मी दोन महिने शाळा सुटल्यावर बसून ते इंग्रजीत उतरवलं. त्याचा मला अभिमान वाटत होता, आणि तो खोटा नव्हता. काम खरंच चांगलं झालं होतं.

शेवटी मास्तरांनी जोडलेली यादी होती, सांगणारांची. गाव, नाव, धंदा. किती पानं असावीत याचा नियम विद्यापीठानं घातला होता, आणि यादी धरली तर आम्ही त्याच्या थोडं पुढं जात होतो. मी यादी काढून टाकली. मास्तरांना सांगितलं नाही. बाड शिवून झाल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, न वाचता येणारी पानं एकेक करून उलटली आणि विचारलं, "यादी आली ना, बाई?"

मी म्हटलं, "हो."

पुरस्काराचं पत्र आलं त्या दिवशी काकींनी सगळ्या बोर्डिंगला गूळ-शेंगदाणे वाटले. मास्तरांनी एकच हट्ट धरला, की ज्ञानूआबांना बरोबर न्यायचं. आबा नवं धोतर नेसून, पागोटं बांधून दौंडला येऊन थांबले होते. आम्ही चौघं विद्यापीठाच्या शहरी गेलो. एवढी उंच इमारत आबांनी पाहिली नव्हती. दालनात खुर्चीवर बसताना त्यांनी आधी ती हातानं पुसली.

व्यासपीठावर काळे झगे घातलेले लोक होते. इंग्रजीत बराच वेळ भाषणं चालली. आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नावं वाचत्यात का आता?" मी नुसती मान हलवली. मग सभागृहात छापील पुस्तिका वाटली गेली. तीत मास्तरांच्या निबंधाचा सारांश होता आणि त्यांच्या बोर्डिंगबद्दल चार ओळी. मास्तरांनी ती माझ्यासमोर धरली. "यादी कुठल्या पानावर आहे? आबांना त्यांचं नाव दाखवा."

मी म्हटलं, "यादी नाही, मास्तर. पानं जास्त होत होती." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा ओळखीचा शब्द अनोळखी गावात वेगळ्याच अर्थानं ऐकला की ते जसे थबकत, तसं. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते उठले.

रुपेरी पदक त्यांच्या हातात आलं. दोन शब्द बोलण्याची परवानगी होती. मास्तर मराठीत म्हणाले, "हे काम सांगणाऱ्या माणसांचं आहे. त्यांची नावं छापायची राहिली. ती सांगतो." हातात कागद नव्हता. त्यांनी बारामतीपासून सुरुवात केली. आधी लोहार, मग मोट हाकणारे, मग पाटकरी. पुढं पाटाच्या कडेकडेनं एकेक गाव. नाव, बापाचं नाव, गाव. पहिल्यांदा लोकांनी कौतुकानं ऐकलं. मग कुजबूज सुरू झाली. झग्यातल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. शेवटी कुणीतरी जवळ जाऊन नम्रपणे मास्तरांच्या कानात सांगितलं की वेळ संपली. मास्तर थांबले, त्यांनी हात जोडले आणि खाली आले. ते लासुर्ण्यापर्यंत पोचले होते. पुढं निमगाव यायचं, मग इंदापूर, आणि मग पळसदेव.

ते आबांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आबा, तुमचं राहिलं."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," आबा म्हणाले. "तुमी आमच्याकडंच निघाल्यालं हुता की."

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसून होते. दौंडला बारामतीची छोटी गाडी धरायला उतरलो. आबांना निरोप दिला. मी नळावर तोंड धुवून आले तेव्हा मास्तर आणि काकी बाकावर काहीतरी बोलत होते. मला पाहून मास्तर म्हणाले, "बाई, मे महिन्यात तुम्हाला सुट्टी असते. माझ्याबरोबर हिंडाल का? हे पदक सगळ्यांना दाखवून यायचं आहे. यादी तुम्ही धरा. मराठीतलीच."

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं गावोगाव हिंडलो. कधी बैलगाडी मिळे, कधी पायीच. गावात शिरलो की चावडीपुढं किंवा देवळाच्या पारावर माणसं जमायची. मी यादीतलं नाव वाचायचं, त्या माणसानं पुढं यायचं, आणि मास्तरांनी पदक त्याच्या हातात ठेवायचं, एवढाच कार्यक्रम. पहिल्या गावात मी इतक्या हळू वाचलं की मागच्या लोकांनी ओरडून पुन्हा वाचायला लावलं. कुणी पदक दातांखाली धरून बघायचं, कुणी कानाशी नेऊन वाजवायचं. एका धनगरानं विचारलं, "ह्येचं काय करत्यात?" मास्तर म्हणाले, "काही करत नाहीत. नुसतं धरायचं." तो बराच वेळ धरून उभा राहिला.

निमगावात धोंडाबाई नावाची एक कुंभारीण होती. मातीच्या जातींची नावं तिनं सांगितली होती. मी नाव वाचलं तरी ती पुढं येईना. मग जवळ येऊन म्हणाली, "माजं नाव कागुदावर हाय? कुनी लिवलं?"

"मास्तरांनी," मी म्हटलं.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. मग तिनं पदक हातात न घेता त्याला हळदकुंकू लावलं, आणि उरलेलं माझ्या कपाळाला.

तिथून पुढं मी नावं मोठ्यानं वाचू लागले. इंदापूरच्या बाजारात तर भाजीवाल्यांच्या ओरडण्याच्या वरचढ आवाज काढून वाचली, आणि काकी तोंडाला पदर लावून हसल्या. उन्हानं माझे पाय सोलले होते, रंग काळवंडला होता, आणि इतकं बरं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली शिदोरी सोडायची. मास्तर अर्धी भाकरी हातात धरून समोरून येणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या ओझ्याकडे बघत असायचे, आणि काकी म्हणायच्या, "आदी घास गिळा." सगळ्यात शेवटी आम्ही पळसदेवला पोचलो. नदीला पाणी थोडं होतं. आबांनी पदक घेतलं, गुडघाभर पाण्यात गेले, ते बुडवून वर काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसून परत दिलं. म्हणाले, "शबुद पान्याचंच हायती. त्येला दावलं."

वकिलांचं म्हणणं खरं ठरलं. वर्षाच्या आत पाटाकडेची जागा बोर्डिंगच्या नावावर झाली, पाया खणला गेला. पाया खणणाऱ्या गवंड्यांकडून मास्तरांनी पंधरा-वीस चिठ्ठ्या भरल्या. त्याच सुमारास माझं लग्न ठरलं आणि मी सोलापूरला जायला निघाले. स्टेशनवर मास्तर आणि काकी आले होते. मला यादीबद्दल बोलायचं होतं. गाडी सुटेपर्यंत मी सामानाचंच काहीतरी बोलत राहिले. मास्तर म्हणाले, "सोलापूरकडे कानडीचं वारं आहे. ऐकाल ते लिहून ठेवत जा." डबा हलला तेव्हा ते गाडीबरोबर चार पावलं चालले.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी वकिलांचं पत्र आलं. बोर्डिंगात विषमज्वराची साथ आली होती. मास्तरांनी आजारी मुलांच्या उशाशी बसून रात्री काढल्या. मुलं सगळी वाचली आणि मास्तर गेले. माझी मुलगी तेव्हा महिन्याची होती. मला जाता आलं नाही. जाणं झालं ते सहा महिन्यांनी.

नवं बोर्डिंग मी प्रथमच पाहत होते. मुलं शाळेत गेली होती. काकी ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारून मला जवळ बसवलं, मुलीला मांडीवर घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते मी बोलले. "काकी, पानं जास्त होत होती, ते नुसतं निमित्त होतं. दुसरं काही गाळता आलं असतं. मला त्या नावांची लाज वाटली होती. एवढ्या मोठ्या लोकांपुढं धोंडाबाई आणि भोई आणि धनगर कसे लिहायचे, असं वाटलं. मी मास्तरांशी खोटं बोलले."

काकी माझ्या मुलीच्या केसांतून हात फिरवत होत्या. "त्यास्नी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"लाजंचं. दौंडाला तुमी तोंड धुयाला गेला, तवाच मला म्हनालं. पदक कुनी बघितलं काय, न्हाय बघितलं काय, सारखंच हाय. पर बाईंना गावोगाव न्ह्यायला पायजे. त्येंच्या तोंडानं नावं वाचून घ्येतली पायजेत. मान्सं समोर हुबी ऱ्हायली की लाज जाईल. तरन्या हायती, त्येंचं काय चुकलं न्हाय." काकींनी मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "निमगावास्नं आल्यावर म्हनालं, आता गेली."

काकींनी पुन्हा सूप ओढून घेतलं. त्या उन्हाळ्यात मी समजत होते की आम्ही मास्तरांचं पदक दाखवायला हिंडतो आहोत. निमगावानंतरही किती गावं होती, आणि ती मी नुसत्या आनंदात चालले, मास्तर दोन पावलं पुढं, खिशात हात घालून. आज वाटतं, यादी थोडी मोठी असायला हवी होती. अजून चार गावं, निदान एक तरी.